माहूरच्या आराखड्यात पांडवलेण्यांनाही वाटा द्या

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मे २०२५ मध्ये अहिल्यादेवींच्या जन्मगावी, चौंडीला राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि तिच्यात माहूरगडाच्या ८२९ कोटींच्या विकास आराखड्याला मंजुरी मिळाली, तेव्हापासून आमच्या परभणी नांदेड भागात माहूरचा विषय निघाला की बोलणं रस्ता, पार्किंग, भक्तनिवास आणि लिफ्टवरच येतं. येऊ द्या, ह्या सगळ्या गोष्टी लागतातच. नवरात्रात आणि नारळी पौर्णिमेच्या परिक्रमेला जी गर्दी होते ती ज्यानं बघितली तो कोणी सोयी नकोत म्हणणार नाही, म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यांचे हाल त्या पायऱ्यांवर काय होतात ते मी माझ्या आईचे बघतो. पण ह्या सगळ्या चर्चेत माहूर गावाला लागून असलेल्या पांडवलेण्यांचं नाव मला कुठं ऐकू येत नाही. गाडीवाले सांगत नाहीत, प्रसादाचे दुकानदार सांगत नाहीत, आणि दर्शन करून आलेल्या माणसाला विचारलं तर तो उलट आपल्यालाच विचारतो की तिथं लेणी पण आहेत का. म्हणून हे पत्र लिहितोय. जागा कमी असेल तर माझं वर्णन कापा साहेब, पण शेवटच्या मागण्या तेवढ्या ठेवा.

माहूर काय आहे हे आपल्या वाचकांना नव्यानं सांगायला नको, साडेतीन शक्तिपीठांपैकी एक पूर्ण पीठ, मराठवाड्यातल्या कितीतरी घरांची कुलदेवता. एका डोंगरावर रेणुकामाता, दुसऱ्यावर दत्तशिखर, तिसऱ्यावर अनसूयामाता, मधे मातृतीर्थ, बाजूला किल्ला, सोनापीर बाबांचा दर्गा, महानुभावांचं देवदेवेश्वर, आणि ह्या सगळ्याला पैनगंगेचा वळसा, नदी ओलांडली की विदर्भ लागतो. एवढ्याशा टापूत इतक्या पंथांची ठाणी मला तरी मराठवाड्यात दुसरीकडं माहीत नाहीत. आणि गंमत बघा, ह्या सगळ्यांच्या कथा जंगलाशीच बांधलेल्या आहेत. परशुराम वडिलांचा देह कावडीत घालून कोऱ्या भूमीच्या शोधात फिरत फिरत इथं आला, दत्तात्रेयांनी आचार्य होऊन अंत्यविधी केले, रेणुकामाता सती गेली, आणि पोरगा आईसाठी रडायला लागला तेव्हा ती जमिनीतून वर यायला लागली पण त्यानं मागं वळून बघितलं म्हणून मुखापर्यंतच आली. गाभाऱ्यात आपण जो शेंदरी मुखवटा बघतो तो ह्याच कथेतला. महानुभाव मंडळी सांगतात की फलटणहून माहूरच्या यात्रेला आलेल्या, त्यांच्या पंथाच्या पाच कृष्णांपैकी एक असलेल्या चक्रपाणींना दत्तात्रेय प्रभू वाघाच्या रूपात भेटले आणि त्यांनी पंजा डोक्यावर ठेवला. जंगल काढून टाकलं तर ह्या कथा उभ्या कुठं राहणार, तुम्हीच सांगा.

जंगलाचं मी मुद्दाम बोलतोय कारण आपल्या मराठवाड्यात जंगल म्हणून उरलंय किती. लातूर जिल्ह्यात तर एक टक्कासुद्धा नाही. आमच्याकडची पोरं झाड म्हणजे बांधावरची बाभूळ नाहीतर लिंब एवढंच ओळखतात. नांदेडचं जे काही जंगल आहे ते मुख्यतः किनवट माहूर पट्ट्यात, साग, मोह, पळस, टेंभुर्णी, बांबू. गोंड, कोलाम, आंध, प्रधान आणि बंजारा समाजाची गावं आणि तांडे ह्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. श्रावणात गेलात तर सागाच्या रुंद पानांवर पाऊस वाजतो आणि घाटात ढग उतरतात, फाल्गुनात गेलात तर पानं सगळी झडलेली पण पळस असा पेटलेला की दुसरीकडं नजर जात नाही. उन्हाळ्यात मोहाची फुलं पडतात, त्या वासानं सगळी सकाळ भरलेली असते. मी तर म्हणतो नवरात्रातल्या गर्दीत एकदा जा आणि एकदा साध्या दिवशी, गर्दी नसताना जा, देवी तीच आहे पण डोंगर वेगळा भेटतो.

आता लेण्यांचं. पुतण्याचं लग्न झालं आणि आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणं नवरा नवरीला जोडीनं देवीला न्यायचं होतं म्हणून आम्ही घरची मंडळी माहूरला गेलो. पुरणाचा नैवेद्य झाला, ओटी भरून झाली, तांबूल घेतला (तो खलबत्त्यात कुटलेला ताजा विडा ज्यानं खाल्ला नाही त्यानं माहूर अर्धंच केलं असं आमची आई म्हणते), मग जीपवाल्यानं दत्तशिखर, अनसूयामाता करून खाली आणून सोडलं. आता परत निघायचं तर नवी सून म्हणाली, "काका, इथं पांडवलेणी आहेत ना, बघायची का?" ती लातूरकडची, कॉलेजला इतिहास होता तिचा, कुठंतरी वाचलेलं. आम्ही सगळे एकमेकांकडं बघायला लागलो. जीपवाल्या दादाला विचारलं तर तो म्हणाला, "तिकडं काय हाय काका, अंधार हाय नुसता, पाकोळ्या हायेत, चला तुमाला स्टँडवर सोडतो." बोर्ड शोधला, दिसला नाही. शेवटी एका म्हाताऱ्या बाबांनी हात करून वाट दाखवली आणि म्हणाले, "जावा की, आपलंच हाय, पण चप्पल काढून जावा, आत महादेव हाय."

आणि आत गेल्यावर आम्ही सगळेच गप्प झालो साहेब. अख्खा काळा खडक पोखरून केलेला मंडप, जाडजूड खांब ओळीनं, आणि आत गाभाऱ्यात शिवलिंग. ही लेणी राष्ट्रकूटांच्या काळातली मानतात, म्हणजे हजार बाराशे वर्षं तरी झाली. राष्ट्रकूट म्हणजे तेच ज्यांच्या पहिल्या कृष्णराजानं आठव्या शतकात वेरूळचं कैलास कोरून घेतलं, आणि ज्यांचं नाव आपल्याच नांदेड जिल्ह्यातल्या कंधारशी जोडलेलं आहे. गावाकडं कुठंही लेणी दिसली की पांडवांनी वनवासात एका रात्रीत कोरली असं सांगतात, माहूरलाही तेच सांगतात, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही, लोकांनी आपल्या परीनं त्या कामाचा मान ठेवलाय. पण खरे कारागीर कोण होते हे आपल्या पोरांना कळायला नको का? वरून खाली, बाहेरून आत असा खडक काढत जायचं, खांब जिथं ठेवायचा तिथं दगड शिल्लक ठेवायचा, एक घाव चुकला तर दुसरा दगड आणून बसवायची सोय नाही. छिन्नी आणि हातोडी, दुसरं काही नाही. सून मोबाईलचा टॉर्च लावून खांबांवरचे छिन्नीचे घाव दाखवत होती आणि आमची आई, जिला शाळा माहीत नाही, ती त्या घावांवरून हात फिरवत म्हणत होती, "बाई, कोणाच्या लेकरांनी केलं असंल एवढं."

ह्याच्याबरोबर जे दिसलं तेपण लिहितो. भिंतीवर खडूनं, कोळशानं आणि काही ठिकाणी चक्क खिळ्यानं कोरून लिहिलेली नावं, बदाम, बाण. कोपऱ्यात कुरकुऱ्याची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, गुटख्याच्या पिचकाऱ्या. वटवाघळांच्या विष्ठेचा वास. छताला ओल, पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून पाझरत असणार. कोरलेल्या खडकाचा खरा शत्रू पाणीच आहे, वरच्या अंगाला चर नीट नसले, भेगांत पिंपळ वडाची रोपं रुजली की मुळं खडक फोडतात आणि शेवटी तुकडे सुटायला लागतात. पितळखोऱ्याचं काय झालं बघा, आपल्या संभाजीनगर जिल्ह्यातच, गौताळ्याच्या जंगलात, दोन हजार वर्षांपेक्षा जुनी बौद्ध लेणी, पैठणच्या व्यापाऱ्यांनी दानं दिल्याचे लेख तिथं आहेत, आणि दर्शनी भागाचा केवढातरी खडक ढासळून गेला. तिथला यक्षाचा पुतळा आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे म्हणून वाचला. माहूरच्या लेण्यांवर ती पाळी येऊ नये एवढंच माझं म्हणणं आहे.

लोक तिकडं का जात नाहीत ह्याच्यावर मी बराच विचार केला. लोकांना आवड नाही असं मला अजिबात वाटत नाही. वेरूळला बघा, घृष्णेश्वराच्या दर्शनाला आलेली बाई डोक्यावर पदर घेऊन कैलास लेण्यात पण जाते, लेकराला कडेवर घेऊन हत्ती दाखवते, कारण तिथं वाट आहे, बोर्ड आहे, वॉचमन आहे, गाईड आहे, गाडीवाला स्वतःहून सांगतो की आधी देव करा मग लेणी करा. माहूरला दर्शनाचा फेरा ठरलेला, रेणुकामाता, दत्त, अनसूया, परत स्टँड, आणि ह्या फेऱ्यात लेणी बसवलीच नाहीत कोणी. जीपवाल्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याला पुढची ट्रीप मारायची असते, पोटाचा प्रश्न आहे. तो फेरा बदलायचा तर वरून बदलायला पाहिजे, आणि आता आराखडा झालाय, पैसा येणार आहे, मग ह्यापेक्षा चांगली वेळ कोणती?

किल्ल्याचं पण तसंच. रामगड म्हणतात त्याला. ज्या माहूरच्या रायबागन सावित्रीबाई देशमुख मोगलांच्या बाजूनं १६६१ ला उंबरखिंडीत कारतलबखानाबरोबर होत्या आणि वेढा पडल्यावर शिवाजी महाराजांकडं शरण जा असा शहाणा सल्ला ज्यांनी खानाला दिला, त्या बाईचं नाव माहूरला आलेल्या किती पोरींना माहीत असतं? इतिहास आमच्याकडं पण आहे हो, फक्त सांगणारं कोणी नाही. पण किल्ल्यावर लिहायला बसलो तर वेगळं पत्र होईल, लेण्यांवरच येतो.

मला जे पाहिजे ते फार मोठं नाही. एसटी स्टँडवर, रेणुकामातेच्या पायऱ्यांखाली आणि दत्तशिखराच्या पार्किंगमध्ये लेण्यांकडं नेणारे मोठे ठळक बोर्ड लावा, मराठीतून, अंतर आणि बाण दाखवून. लेण्यांजवळ एक माहितीफलक असा ठेवा की सातवीतल्या पोराला वाचून कळेल, कोणी कोरली, कशी कोरली, गाभाऱ्यात काय आहे. दिवसा एक माणूस राखणीला ठेवा आणि तो माहूर किनवटचाच ठेवा. त्याच्याही पुढं जाऊन मी म्हणतो की गोंड, कोलाम, आंध, बंजारा समाजाच्या शिकलेल्या पोरापोरींना गाईडचं ट्रेनिंग द्या, लेण्यांचं आणि जंगलाचं दोन्ही, कारण झाड दाखवायचं तर त्यांच्याएवढं कोणाला येणार, मोहाच्या फुलाचं काय काय करतात, टेंभुर्णीचं पान कधी तोडतात, कोणत्या सालीचा कशाला उपयोग, हे पुस्तकातून सांगणारा माणूस वेगळा आणि आजीकडून शिकलेला वेगळा. यात्रेकरू कुटुंबामागं शंभर दोनशे रुपये आनंदानं देतील, आम्ही दिले असते. त्या पोरांना पुण्या मुंबईला कामासाठी जावं लागणार नाही, निदान वर्षातले काही महिने तरी.

पण एक गोष्ट हात जोडून सांगतो. लेण्यांचं सुशोभीकरण करू नका. आपल्याकडं जुन्या देवळाला निधी मिळाला की पहिलं काम ऑईल पेंट, दुसरं काम टाइल्स, तिसरं स्टीलचे रेलिंग आणि वर पत्र्याचं शेड. गावोगावची हेमाडपंती देवळं अशीच रंगवून टाकली आपण, भक्तीनंच रंगवली, कोणाच्या मनात पाप नव्हतं, पण दगडाचा श्वास कोंडला आणि कोरीव काम रंगाखाली गेलं. पांडवलेण्यांना त्यातलं काहीही नको. पुरातत्त्वाच्या जाणकार माणसांकडून साफसफाई, वरच्या बाजूला पाणी वळवायला चर, भेगांतली रोपं काढणं, उजेडासाठी खडकाला ड्रिल न मारता जमिनीवर ठेवता येतील असे मंद दिवे, बस. वटवाघळं घाईघाईनं हाकलू नका, त्याचं पण ज्ञान असलेल्या माणसाला विचारा. आणि आतल्या महादेवाची पूजा चालू आहे ती चालू राहू द्या, ज्या बाबांनी आम्हाला चप्पल काढून जावा म्हणून सांगितलं त्यांच्यासारख्या माणसांमुळंच ती जागा आजवर टिकली. पुरातत्त्व आणि श्रद्धा ह्यात भांडण लावायचं काही कारण नाही, घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार करणाऱ्या अहिल्यादेवींच्या गावी बसून हा आराखडा मंजूर झालाय, त्यांनी देवळं बांधली तशा विहिरी आणि घाट पण बांधले, यात्रेकरूचा आणि जागेचा दोघांचा विचार करून.

भिंतीवर नावं लिहिणाऱ्यांसाठी कायदे आहेत. अजिंठा वेरूळसारख्या केंद्र संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर १९५८ च्या कायद्यात, पुढं वाढवलेल्या शिक्षेनुसार, दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. प्लास्टिकची बंदी राज्यात २०१८ पासून आहे, पहिल्या वेळी पाच हजार दंड. माहूरला त्याचा एक बोर्ड लावून आणि नवरात्राआधी दुकानदारांची एक बैठक घेऊन बघा, फरक पडेल. तांबूल पळसाच्या पानात द्या की, डोंगरभर पळस आहे, पत्रावळी लावणाऱ्या बायका आहेत, त्यांना चार पैसे मिळतील आणि तांबूलाची प्लास्टिकची पिशवी जंगलात उडत जाणार नाही. वानरांना बिस्किटं, फरसाण चारणारी मंडळी पण असतात, पुण्य लागतं म्हणून चारतात, त्यांना प्रेमानं सांगायला पाहिजे की वानरानं जंगलातलं खावं, एकदा पिशवी ओढायची सवय लागली की ते लेकरांवर धावून येतं आणि मग लोक त्यालाच दगड मारतात.

रस्त्याचं पण एक सांगून ठेवतो. घाटरस्ता रुंद होणार असेल तर सागाची किती झाडं जाणार ते आधी लोकांना सांगा. त्याच्या बदल्यात लावणार ती झाडं कुठं लावणार, कोणती लावणार, त्यांना पाणी कोण घालणार हेही सांगा, नाहीतर शोभेची झाडं लावून फोटो काढले जातात आणि उन्हाळ्यात काड्या उरतात. परिक्रमेला जी माणसं अनवाणी रात्रभर डोंगर चालतात त्यांची पायवाट आहे, ती सिमेंटनं मढवू नका, माती राहू द्या, फक्त पाणपोई, उजेड आणि बायकांसाठी स्वच्छतागृहं ठेवा. हे शेवटचं तर सगळ्यात आधी करा, लेण्यांजवळ आडोशाला जी घाण होते तिचं मोठं कारण तेच आहे, यात्रेत आलेल्या बाईनं जायचं तरी कुठं.

संपादक साहेब, आपल्या पेपरला माझी विनंती आहे की आपला वार्ताहर आणि फोटोग्राफर एकदा पांडवलेण्यांत पाठवा आणि अर्धं पान द्या, नवरात्राच्या पुरवणीत दिलं तर फारच चांगलं, त्या दिवसांत घरोघरी माहूरचा विषय असतो. आणि आराखड्याचं काम ज्यांच्या हातात आहे त्यांना विनंती की माहूरगडाच्या कामांची यादी पेपरात जाहीर करावी आणि तिच्यात पांडवलेण्यांची सफाई, पाण्याचे चर, माहितीफलक आणि राखणदार ह्या चार गोष्टी कुठं आहेत, किती रुपयांच्या आहेत आणि कधी होणार आहेत ते स्पष्ट लिहावं. नसतील तर अजून घालता येतात.

आपला,
एक वाचक, जिल्हा परभणी